'बी-१' म्हणजे नेमकं काय येतं?

(पडद्यावर भाषेचं एक प्रमाणपत्र. कॅमेरा सरकत सरकत एका अक्षरावर आणि एका अंकावर थांबतो.)

बी-१. एवढ्या दोन चिन्हांवर कुणाला अभ्यासक्रमात प्रवेश मिळतो, कुणाचा नोकरीचा अर्ज अडतो. पण बी-१ मिळालेल्या माणसाला नेमकं काय येतं? व्याकरणाचे किती धडे झाले, किती शब्द पाठ आहेत, किती महिने वर्गात काढले, यातलं काहीही ही चिन्हं सांगत नाहीत. हा माणूस त्या भाषेत काय करू शकतो, एवढंच ती सांगतात. प्रवासातल्या बहुतेक प्रसंगांतून वाट काढू शकतो. ओळखीच्या विषयावर साधा पण सलग मजकूर लिहू शकतो. मत मांडून त्याचं कारण थोडक्यात देऊ शकतो.

ही पातळी ज्या मोजपट्टीवरची आहे तिचं नाव सीईएफआर, म्हणजे भाषांसाठीची समान युरोपीय संदर्भ चौकट. स्ट्रासबर्गला मुख्यालय असलेल्या युरोप परिषदेनं ती २००१ साली प्रसिद्ध केली. ए-१ पासून सी-२ पर्यंत तिच्या सहा पायऱ्या. तिची मुळं मात्र जुनी आहेत. परक्या भाषेत स्वतंत्रपणे वावरायला कमीत कमी काय काय यावं लागतं, याचा तपशीलवार आराखडा इंग्रजीसाठी १९७५ सालीच तयार झाला होता. त्या पातळीला 'उंबरठा' म्हटलं गेलं. आजची बी-१ म्हणजे तोच उंबरठा.

(टेबलावर कागदी पट्ट्या. प्रत्येकीवर एक वाक्य. हात त्या पट्ट्या वेगवेगळ्या ढिगांत लावत आहेत.)

या चौकटीचा खरा जीव तिच्या 'करू शकतो' वाक्यांत आहे, आणि ती वाक्यं एखाद्या समितीनं बैठकीत बसून ठरवलेली नाहीत. १९९३ ते १९९६ या काळात स्वित्झर्लंडमध्ये ब्रायन नॉर्थ आणि ग्युंटर श्नायडर यांनी त्यासाठी मोठा प्रकल्प चालवला. आधी, जगभर वापरात असलेल्या मोजपट्ट्यांमधली वाक्यं गोळा केली. मग ती शिक्षकांपुढे ठेवली: हे वाक्य कोणत्या कौशल्याचं? सोपं की अवघड? ज्या वाक्यावर शिक्षकांचं एकमत होईना, ते बाद. उरलेल्या वाक्यांच्या प्रश्नावल्या करून शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना त्यांवर गुण दिले. जवळजवळ ३०० शिक्षक, सुमारे २८०० विद्यार्थी.

पण एक शिक्षक कडक असतो, दुसरा सढळ हाताचा. म्हणून सर्वांना त्याच विद्यार्थ्यांचे व्हिडिओ दाखवून गुण द्यायला सांगितलं. मग राश प्रतिमान या संख्याशास्त्रीय पद्धतीनं प्रत्येकाचा कडकपणा हिशेबात धरून वाक्यांची काठिण्यपातळी काढली. विद्यार्थ्याची क्षमता आणि वाक्याची काठिण्यपातळी एकाच पट्टीवर मांडता येते, हे या पद्धतीचं बळ. 'हे वाक्य बी-१ चं' या म्हणण्यामागे एवढी मेहनत आहे.

वाक्य लिहिण्याचे नियमही कडक. काय येत नाही हे सांगायचं नाही, काय येतं ते सांगायचं. वाक्य नेमकं, स्पष्ट आणि छोटं हवं. आणि ते स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं. 'आधीच्या पातळीपेक्षा बऱ्यापैकी चांगलं' असल्या शब्दांतून काहीच मोजता येत नाही.

(उत्तरपत्रिका. एका ओळीवर लाल पेनानं रेघ.)

आता परीक्षा. 'आमची परीक्षा बी-१ ची आहे' असं छापल्यानं ती तशी होत नाही. युरोप परिषदेनं २००९ मध्ये परीक्षा चौकटीशी जोडण्यासाठी मार्गदर्शिका काढली. सर्वांत नाजूक काम, ती पातळी मिळायला लागणारे कमीत कमी गुण ठरवण्याचं. एक रूढ पद्धत अशी: परीक्षक डोळ्यांसमोर काठावरचा विद्यार्थी आणतात, जेमतेम बी-१ मध्ये पाऊल टाकलेला. असे १०० विद्यार्थी असतील तर या प्रश्नाचं उत्तर किती जणांना येईल? कुणी ६० म्हणतं, कुणी ८०. असं प्रत्येक प्रश्नाचं. ४० प्रश्नांसाठी हे अंदाज सरासरी ६५ टक्के आले, तर रेषा २६ गुणांवर येते. मग खऱ्या विद्यार्थ्यांचे निकाल दाखवून दुसरी फेरी घेतात, अंदाज सुधारतात.

चूक होते ती इथंच. परीक्षकांनी चौकटीतली वाक्यं बारकाईनं वाचलेली नसली, की काठावरच्या विद्यार्थ्याऐवजी त्यांच्या डोळ्यांपुढे आपल्या वर्गातला मधला विद्यार्थी येतो, आणि रेषा वर सरकते. शिवाय कोणत्याही परीक्षेच्या मोजमापात थोडी चूक असतेच. २५ आणि २७ गुणांच्या दोघांत खरा फरक असेलच असं नाही, तरी प्रमाणपत्रावर एक ए-२ आणि दुसरा बी-१.

तुलनेचे तक्तेही जपून वाचावेत. चीनच्या एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची सहावी पातळी तिच्या आयोजकांनी सी-२ च्या बरोबरीची म्हटली होती. जर्मन भाषक प्रदेशातल्या चिनी भाषेच्या शिक्षकांच्या संघटनेनं तिला बी-२ मध्ये बसवलं. अमेरिकेतल्या ॲक्टफल या मोजपट्टीची युरोपीय चौकटीशी जुळणी करताना वाचणं-ऐकणं एका तक्त्यात आणि बोलणं-लिहिणं दुसऱ्यात ठेवावं लागलं.

कारण माणसाची भाषा सगळ्या बाजूंनी सारखी वाढत नाही. वर्षानुवर्षं परक्या भाषेतले अहवाल वाचणारा माणूस वाचनात सी-१ असतो आणि संवादात ए-२. एकच शिक्का मारला की हे चित्र पुसलं जातं. म्हणूनच चौकटीच्या मूळ स्वयंमूल्यमापन तक्त्यात पाच रांगा आहेत: ऐकणं, वाचणं, संवाद, सलग बोलणं आणि लेखन. २०२० च्या पुरवणी खंडानं ए-१ च्या खालची पातळी जोडली, दोन माणसांमध्ये किंवा दोन मजकुरांमध्ये अर्थ पोहोचवण्याच्या कौशल्याची वाक्यं वाढवली आणि वाक्यांमधून 'मातृभाषक' हा मापदंड काढून टाकला. हा बदल फार आधी व्हायला हवा होता. मातृभाषकासारखं होणं ही अट सी-२ सुद्धा घालत नाही.

(रिकामा तक्ता. पेन्सिल पहिल्या रांगेवर.)

तक्ता भरताना एकेक रांग स्वतंत्र घ्या. ए-१ पासून वर चढा आणि ज्या चौकोनातलं सगळं रोजच्या व्यवहारात, शब्दकोश न उघडता जमतं, तिथंच थांबा. वाक्याची अट वाचल्याशिवाय खूण करू नका. ए-१ च्या संवादात म्हटलं आहे: समोरचा माणूस तेच पुन्हा किंवा वेगळ्या शब्दांत सावकाश सांगायला, आणि मला म्हणायचं ते मांडायला मदत करायला तयार असेल, तर. बहुतेक चुकीच्या खुणा हा 'तर' न वाचल्यामुळे होतात.