धावपट्टीचा पन्हा

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या वर्षी पावसाळ्यात, आपल्या सोलापूरच्या विमानतळाजवळच्या होटगी रोडच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मला घरी बोलावलं. घरांचे नकाशे काढायचे, मंजुरीची कागदपत्रं करून द्यायची, हा माझा तीस वर्षांचा धंदा. त्यांना घरावर आणखी दोन मजले चढवायचे होते, त्यावर पाण्याची टाकी, आणि टाकीशेजारी मोबाइलचा टॉवर. टॉवरचं दरमहा भाडं येतं, हे त्यांनी चहाच्या आधीच सांगून टाकलं. मी म्हटलं, विमानतळाचा उंचीचा ना-हरकत दाखला लागेल. ते हसले, मला गच्चीवर घेऊन गेले आणि हात लांब करून म्हणाले, "बघा की ओ साहेब, विमान तिकडनं जातंय. माझ्या टाकीचं त्याला काय?"

गोव्याचं विमान तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. नेमकं त्याच वेळी ते आलंही, आणि खरंच लांबून गेलं. मला पटकन उत्तर देता आलं नाही. आज वेळ मिळालाय, म्हणून ते उत्तर तुमच्यासमोर देतो.

आपल्या विमानतळाची कहाणी तुम्हाला तोंडपाठ आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांतली धावपट्टी. पंधरा-एक वर्षांपूर्वी मुंबईचं विमान सुरू झालं, बंद पडलं. मग चिमणी. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची, सुमारे ९० मीटर उंच, विमानांच्या वाटेत उभी. त्या चिमणीनं किती मोर्चे पाहिले, किती तारखा पाहिल्या, किती चहाच्या टपऱ्यांवर भांडणं लावली! १५ जून २०२३ ला ती पाडली. त्यात कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा मी इथं करणार नाही. ज्यांचा ऊस त्या कारखान्याला जातो, त्यांच्या पोटात त्या दिवशी काय झालं असेल ते मला कळतं. माझा मुद्दा वेगळा आहे. उभी राहायच्या आधी, कागदावर असताना, ती चिमणी हलवायला एक खोडरबर पुरला असता. उभी राहिल्यावर गावाची कित्येक वर्षं त्यात गेली.

२९ सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि पहिलं प्रवासी विमान उडालं ९ जून २०२५ ला. मधल्या आठ महिन्यांत लोकांनी काय काय विनोद केले ते रेडिओवर सांगण्यासारखे नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईची सेवाही सुरू झाली. आता प्रश्न पुढच्या वीस वर्षांचा आहे.

विमानतळाचा विकास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काचेची इमारत येते. सरकता जिना, दर्शनी भागात सिद्धरामेश्वरांचं शिल्प, भिंतीवर चादरीची नक्षी. हे सगळं व्हावं. पण इमारत ही त्यातली सर्वांत सोपी गोष्ट आहे. लहान पडली तर शेजारी दुसरी बांधता येते. जी गोष्ट नंतर मिळत नाही ती म्हणजे धावपट्टीच्या बाजूची मोकळी जमीन आणि तिच्या दोन्ही टोकांपुढचं मोकळं आभाळ.

मागावर बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ताणा, म्हणजे उभे धागे, एकदा मागावर चढला की चादरीचा पन्हा, म्हणजे रुंदी, ठरला. मग नक्षी बदला, रंग बदला, पन्हा बदलत नाही.

आता धावपट्टीचा पन्हा कसा ठरतो ते बघा. वैमानिक नुसत्या डोळ्यांनी बघून उतरतो, तेव्हा नियम जरा सैल असतात. ढग, धुकं, अंधार असताना उपकरणांच्या भरवशावर उतरायचं म्हटलं की तेच नियम कडक होतात. धावपट्टीच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना १४० मीटर, म्हणजे एकूण २८० मीटर रुंदीचा सपाट मोकळा पट्टा लागतो. नजरेनं उतरायच्या धावपट्टीला याच्या निम्म्यानं भागतं.

आभाळाचंही तसंच. धावपट्टीच्या टोकापुढं ६० मीटरवर एक अदृश्य उतार सुरू होतो, तो बाहेरच्या दिशेला चढत जातो. त्या उताराच्या वर काहीही डोकं काढायचं नाही. नजरेनं उतरायच्या छोट्या धावपट्टीला हा चढ ३० मीटरला १ मीटर असतो. उपकरणांनी उतरायच्या धावपट्टीला ५० मीटरला १. हिशोब करा. टोकापासून एक किलोमीटरवर, समोरासमोर घर आहे. पहिल्या नियमानं तिथं धावपट्टीच्या पातळीपासून ३१ मीटर उंची चालते, म्हणजे दहा मजले. दुसऱ्या नियमानं १९ मीटर, म्हणजे सहा. आज कायद्यात बसवून, दाखला घेऊन बांधलेली इमारत विमानतळ सुधारला की एका रात्रीत अडथळा ठरते! मालकाचा काही दोष नाही. दोष आजच्या विमानतळापुरतंच आभाळ राखणाऱ्याचा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. हा विमानतळ शेवटी जास्तीत जास्त केवढा होऊ शकतो ते आधी ठरवा, आणि त्या शेवटच्या विमानतळाचं आभाळ आजपासून राखा. बांधकाम टप्प्याटप्प्यानं होऊ दे. राखण मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण हवी.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडं धुकं कुठं? वर्षातले बहुतेक दिवस लख्ख ऊन. उपकरणांचा खटाटोप कशाला? गंमत अशी की त्या लख्ख उन्हामुळेच तो करावा लागतो.

हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर कमी पडतो. विमानाला जास्त पळावं लागतं. याचा ढोबळ नियम जगभर वापरतात: समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला धावपट्टी ७ टक्के जास्त लागते, आणि त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा, म्हणजे हिशोबासाठी जगभर मानलेल्या तापमानापेक्षा, दर अंशाला १ टक्का जास्त. आपला विमानतळ साधारण ४८० मीटर उंचीवर. तिथलं प्रमाण तापमान येतं १२ अंश. आता मे महिन्यात सोलापुरात दुपारी १२ अंश कधी असतात, हे मला विचारू नका! ४० धरू. म्हणजे २८ टक्के वाढ, त्याआधी उंचीची ११ टक्के. समुद्रकाठी थंड हवेत ज्या विमानाला १८०० मीटर पुरतात, त्याला आपल्याकडं मेमधल्या दुपारी साडेपंचवीसशे मीटर लागतील. आपली धावपट्टी आहे २१०० मीटरच्या आसपास. खरी योजना करताना प्रत्येक विमानाचे स्वतःचे तक्ते बघावे लागतात, हा नुसता अंदाज. पण कल कुठं आहे ते कळतं.

मग मोठ्या विमानापुढं दोन वाटा उरतात. एक, आसनं रिकामी ठेवून हलकं उडायचं. यात कंपनीचा तोटा. दोन, पहाटे किंवा रात्री गार हवेत उडायचं. रात्री उडायचं तर दिवे हवेत, उपकरणं हवीत. उपकरणं आली की २८० मीटरचा पन्हा आला, पन्नासाला एकचा उतार आला, आणि तो उतार जाऊन टेकतो होटगी रोडच्या पाण्याच्या टाकीला. आमच्या गृहस्थांना मी नंतर फोनवर सांगितलं, मे महिन्याच्या उन्हाचा आणि तुमच्या टाकीचा संबंध असा आहे. ते म्हणाले, "कायबी सांगतो बे तू." म्हणजे 'साहेब'वरून मी 'बे'वर आलो.

प्रवाशांचा हिशोब थोडक्यात आटोपतो. रोज ७० आसनांची दोन विमानं आली-गेली, ७० टक्के भरली, तर वर्षाला एकाहत्तर-बहात्तर हजार माणसं होतात. ऐकायला मोठा आकडा आहे, पण इमारतीचं माप वार्षिक आकड्यावर ठरत नाही. एकाच तासात दोन्ही विमानं उभी राहिली तर १४० माणसं उतरणार, १४० चढणार. त्यांच्या रांगा, त्यांची स्वच्छतागृहं, त्यांना न्यायला आलेल्या गाड्या, आणि एकाला सोडायला आलेले दहाजण! आपल्याकडं हा शेवटचा आकडा हिशोबात धरलाच पाहिजे.

आणि टप्पे सालाला बांधू नका, आकड्याला बांधा. अमुक साली धावपट्टी वाढवू म्हटलं की ते साल निवडणुकीचं निघतं. त्यापेक्षा असं ठरवा की आसनं सलग दोन वर्षं तीन-चतुर्थांश भरली की पुढचं काम सुरू. नाही भरली तर जमीन राखून गप्प बसायचं.

ती भरतील का? सुरुवातीच्या काळात सरकार तुटीचा निधी देतं. लहान शहरं विमानानं जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेत ही मदत तीन वर्षांची असते. खरी परीक्षा चौथ्या वर्षी. मुंबईला जायला आपल्याकडं रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस आहे. झोपायचं, सकाळी मुंबई, दिवसभर कापडाचं मंगळदास मार्केट, रात्री परत. हॉटेलचा खर्च नाही. फेब्रुवारी २०२३ पासून सकाळची वंदे भारत आहे. या दोघींशी विमानाची गाठ आहे. भर दुपारी मुंबईत सोडणारं विमान टॉवेलवाल्याला काय कामाचं? सकाळी जाऊन रात्री परत आणणारं विमान असेल तर तो तिकीट काढेल. पुन्हा तेच, रात्रीचे दिवे.

मला विचाराल तर आपली खरी माणसं हैदराबाद आणि बंगळुरूकडं आहेत. शहराच्या पूर्व भागातल्या निम्म्या विणकरांचे सोयरे तेलंगणात, अक्कलकोटकडच्यांचे कर्नाटकात. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर करायला तिकडूनच भाविक येतात. गणवेशाचं कापड न्यायला व्यापारीही येतात. मुंबईच्या नादात या दिशा विसरायला नकोत.

डाळिंब विमानानं जाईल, असं भाषणांत नेहमी ऐकतो. जरा सावकाश. सत्तर आसनी एटीआर विमान माणसं आणि सामान धरून साडेसात टनांच्या आसपास भार नेतं. सत्तर माणसं आणि त्यांच्या बॅगा यातच जवळपास सात टन होतात. उरलेल्यात डाळिंबाच्या किती पेट्या बसतील ते सांगोल्याचा बागायतदार माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. मालवाहतुकीसाठी जागा राखा. गोदाम आत्ताच नको.

आता बोरामणी. हैदराबाद रस्त्यावर नव्या मोठ्या विमानतळासाठी साडेपाचशे हेक्टरच्या आसपास जमीन घेऊन झाली, आणि तीस-पस्तीस हेक्टर वनजमिनीपाशी गाडं अडलं. तो माळ माळढोकाचा. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. तेव्हा पक्षी दिसायचे, आता एखादा दिसला तर वर्तमानपत्रात छापून येतं. काही लोक चिडून म्हणतात, एका पक्ष्यासाठी जिल्हा अडवला. माझं मत तसं नाही. सध्याचा विमानतळ नीट राखला, तर पुढची पंधरा वर्षं बोरामणीची घाई नाही. तोवर तिथलं गवत राखावं. गवताळ माळ मोकळाच असतो, म्हणजे विमानतळाची जागाही आपोआप राखली जाते. उलट होटगी रोडचं आभाळ घालवून बसलो, तर बोरामणीशिवाय गत्यंतर नाही, आणि मग माळढोकाशी भांडण अटळ. दोन्ही प्रश्न एकाच दोरीला बांधलेले आहेत.

पक्ष्यांवरून आठवलं. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरं कापायला आणि पक्ष्यांना ओढणारी घाण टाकायला कायद्यानं मनाई आहे. कारण सरळ आहे. मांसाचे तुकडे पडले की घारी येतात, घार इंजिनात गेली की विमान जमिनीवर. दहा किलोमीटर म्हणजे आपलं जवळजवळ सगळं शहर आलं. होटगीचा तलावही तिथलाच, हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. तलाव हलवता येत नाही, कचराकुंडी येते. विमानतळाच्या आराखड्यात कचरागाडीचं वेळापत्रक असायला हवं, असं मी एका बैठकीत म्हटलं तेव्हा लोक हसले होते.

"नळाला रोज पाणी नाही आणि विमान कशाला?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. प्रश्न रास्त आहे. मलाही नळाची वाट बघावी लागते. पण मी जे मागतोय त्याला पैसे फार लागत नाहीत. रंगांचे पट्टे असलेला एक नकाशा लागतो. कुठल्या रंगात किती उंची चालते ते सांगणारा. असे नकाशे विमानतळ प्राधिकरण करतं. तो आपल्या शेवटच्या, मोठ्या विमानतळाच्या हिशोबानं करून घ्यायचा, आणि होटगी रोडवर आसरा चौकापासून पुढं जागा घेणाऱ्या प्रत्येकाला खरेदीखताआधी दाखवायचा. उंची मोजायची ती समुद्रसपाटीपासून, गच्चीपासून नव्हे. टाकी, पाण्याचा पाइप, टॉवर, विजेचा खांब, सगळं धरून. माझ्या धंद्यातल्या भावांनाही सांगतो, "नंतर बघू" म्हणून नकाशावर सही करू नका. नंतर बघायला जेसीबी येतो.

तर आमचे ते गृहस्थ. दाखला मिळाला तो एकाच मजल्याचा. टाकी खाली अंगणात घेतली, टॉवर रद्द, भाडंही गेलं. सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. मग परवा संध्याकाळी स्वतःच आले, काजूचा पुडा घेऊन. मुलानं गोव्याला नेलं होतं, येताना विमानानं. खिडकीची जागा मिळाली होती.

"खालती येताना माझं घर दिसलं ओ," म्हणाले. "अंगणातली टाकी दिसली. बायकोनं वाळत घातलेली चादरसुद्धा दिसली."

मी विचारलं, "मग?"

ते थोडा वेळ पुड्याची दोरी सोडवत बसले. "लई जवळ वाटलं," म्हणाले.