एकही भोक न पाडता: कास्ट आयर्न बुलेटला ऑइल कूलर

[दृश्य: ग्वाल्हेरचा किल्ला, उरवाईचा चढ, भर दुपार]

मे महिना. पारा 45 अंशांच्या आसपास. किल्ल्यावर गाडी न्यायची तर वाट उरवाई दरवाज्याची. कड्यात कोरलेल्या तीर्थंकरांच्या उंच मूर्ती, आणि त्यांच्या पायथ्याशी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत चढणारी ही बुलेट 350. चढ खडा, वेग सायकलपेक्षा थोडा जास्त. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला पुढून वारा लागतो, आणि इथे नेमका तोच नाही.

[दृश्य: सिलिंडरच्या पात्या, जवळून]

हे जुनं कास्ट आयर्न इंजिन. बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90, एकूण 346 सीसी. हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, ॲल्युमिनियमचं, पण सिलिंडर बिडाचा, म्हणजेच कास्ट आयर्नचा. बीड उष्णता वाहून नेतं ते ॲल्युमिनियमच्या साधारण एक तृतीयांश. वारा असेल तोवर या पात्या काम भागवतात. तो थांबला की उरलेली उष्णता तेलाच्या अंगावर येते. तेल 90 ते 110 अंशांत असलं की खुशाल चालवा. 130च्या पुढे मात्र ते पातळ होतं, त्याचा थर तुटू लागतो, ते लवकर काळं पडतं. कॅमपासून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरपर्यंत सगळे भाग त्या थरावरच तरंगत असतात.

[दृश्य: ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं वर्कशॉप, टेबलावर मांडलेले भाग]

ऑइल कूलर, म्हणजे वाऱ्यावर तेल गार करणारी पात्यांची छोटी जाळी. तो हातात घेण्याआधी गाडी का तापते ते बघायचं. ठिणगीचं टायमिंग मागे पडलं असेल तर तापते. कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधून हवा खेचली जात असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि तापते. पात्यांमध्ये चिखल बसलाय, किंवा कुणी हौसेनं जाड रंग चढवलाय, तरी तापते. या चुका कूलर झाकतो, दुरुस्त करत नाही. म्हणून आधी इग्निशनच्या पॉइंटचा गॅप, 0.35 ते 0.40 मिलिमीटर. मग टॅपेट, इंजिन गार असताना: पुशरॉड, म्हणजे रॉकरला ढकलणारी दांडी, दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. पात्या रॉकेल आणि ब्रशनं साफ. एवढ्यावर गाडी ताळ्यावर आली, तर कूलरची गरजच नाही.

[दृश्य: क्रँककेसमधून निघून हेडकडे जाणारा बारीक पाइप]

आता खरा प्रश्न. तेल बाहेर काढायचं कुठून?

या इंजिनात तेलाची टाकी वेगळी नाही, ती क्रँककेसच्या ओतकामातच आहे. दोन पंप आहेत: एक तेल पाठवतो, दुसरा खालचं गोळा करून परत आणतो. परतीची वाट आतून जाते. ती बाहेर वळवायची तर ड्रिल लावावं लागतं. बिग एंडकडे, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाकडे, जाणाऱ्या वाटेत कूलर घालणं तर जिवाशी खेळ. तिथे दाब कमी झाला की पहिलं जातं ते कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग.

उरतो हा पाइप. क्रँककेसमधून बाहेर पडून सिलिंडरच्या कडेनं वर जाणारा, दोन्ही रॉकरना तेल देणारा. कंपनीनंच तो बाहेरून दिलाय, दोन्ही टोकांना बँजो बोल्ट आहेत, म्हणजे ज्यांच्या आतून तेल जातं असे पोकळ बोल्ट. कूलर याच वाटेत जोडायचा. यातून जाणारं तेल एकूण तेलाचा एक हिस्साच असतं, त्यामुळे फरक मोठा नसतो. पण ते थंड होऊन पोचतं थेट हेडवर, इंजिनाच्या सगळ्यात तापणाऱ्या भागावर. आणि इंजिनाला एकही नवं भोक पडत नाही. हे इंजिन बनायचं थांबून दशकाहून जास्त काळ झाला. ड्रिल चुकलेलं क्रँककेस पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

[दृश्य: नवा पाइप, हॅकसॉ, झाळणकाम]

मूळ पाइपही कापायचा नाही. तो काढून, पुसून, कागदात गुंडाळून ठेवायचा. कापायचा तो दुसरा, सुटा विकत घेतलेला. कारण त्याच्या टोकांना बँजो तयार मिळतात. जुन्या बुलेटचे आटे बरेचसे ब्रिटिश मापाचे. बाजारातला मेट्रिक बोल्ट दोन फेरे छान फिरतो, तिसऱ्याला अडतो, आणि पान्यानं जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे सोलून काढतो. थ्रेड गेज लावल्याशिवाय कुठलाही बोल्ट तिथे फिरवू नये.

बघा, पाइप कापताना तोंड खाली धरलंय, चुरा आत जाऊ नये म्हणून. कापलेल्या टोकांवर होज, म्हणजे लवचीक रबरी नळी, बसायला नळीचे तुकडे झाळून घेतलेत. झाळण झालं की आतून हवा मारायची, पेट्रोलनं धुवायचं, पुन्हा हवा. झाळणाचा एक कण रॉकरच्या तेलाच्या भोकात बसला, तर एवढा खटाटोप करून रॉकर कोरडाच राहील.

बँजोला दोन्ही बाजूंनी तांब्याचे वॉशर. जुनेच वापरायचे असतील तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकायचे. तांबं त्यानं मऊ होतं आणि नीट दबतं.

[मूळ आवाज]
“काका, आट्यांवर टेप मारू?”
“नको रे बाळा. टेपचा तुकडा तुटला की तेलाबरोबर वर जातो आणि रॉकरच्या भोकात बसतो. बँजोला वॉशरच सील करतो.”

[दृश्य: होज आणि कूलर हातात]

कूलर लहानच घ्यायचा. पल्सर 220ला कंपनीकडून येतो, तेवढा पुरे. पण नवाच घ्या. भंगारातला स्वस्त मिळतो, मात्र तो ज्या गाडीवर होता तिचं इंजिन बसलेलं असेल तर बेअरिंगचा चुरा त्याच्या नळ्यांत अडकलेला असतो. कितीही धुतला तरी तो पूर्ण निघत नाही. तुमच्या तेलात मात्र हळूहळू उतरतो.

होज तेलाचाच हवा, नायट्राइल रबराचा, बाहेरून जाळीचा, गरम तेलाला आणि दाबाला टिकेल असा छापील शिक्का असलेला. पेट्रोलचा साधा पाइप गरम तेलात मऊ होऊन क्लँपमधून निसटतो. ब्रेकचा होज दिसायला मजबूत, पण त्याचं आतलं भोक साधारण 3 मिलिमीटरचं. त्यातून थंडीतलं घट्ट तेल वेळेवर वर पोचत नाही. आतला व्यास मूळ पाइपपेक्षा कमी नको, एवढं धरून चाला.

[दृश्य: फ्रेमचा पुढचा पाइप, ब्रॅकेट बसवताना]

जागा: फ्रेमच्या पुढच्या पाइपवर, वरच्या बाजूला, थोडा डावीकडे. सिलिंडरच्या थेट पुढे लावला तर तोच सिलिंडरचा वारा अडवतो. इंजिनावर लावू नये, थरथरीनं त्याची झाळ फुटते. मडगार्डवर नाही, ते चाकाबरोबर हलतं. फ्रेमला वेल्डिंगही नको: रबर गुंडाळलेले दोन क्लँप, पत्र्याचं ब्रॅकेट, आणि प्रत्येक बोल्टला रबर बुश, त्याच्या आत लोखंडी स्लीव्ह. स्लीव्ह नसेल तर बोल्ट आवळताच रबर चेपतं, आणि सिंगल सिलिंडरची सगळी थरथर थेट कूलरमध्ये जाते.

कूलरची तोंडं वर किंवा बाजूला. खाली आली तर वरच्या भागात हवा अडकून बसते. बाजूला असतील तर तेल खालच्या तोंडातून आत, वरच्यातून बाहेर.

हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. मग दोघांनी पुढचा फोर्क दाबून धरायचा. काही घासत नाही ना, बघायचं. होज इंजिनाच्या मागून वर, पेट्रोलच्या टाकीखालून पुढे आणलेत, सायलेन्सरच्या बेंडपासून दूर. जिथे जिथे फ्रेमला टेकतात तिथे वरून रबराचा एक तुकडा.

[दृश्य: मापाचं भांडं, तेल ओतताना]

कूलर बसवण्याआधी तो तेलानं भरून घ्यायचा, मापाच्या भांड्यातून, म्हणजे किती तेल जास्त लागलं ते कळतं. तेल 20 डब्ल्यू 50 ग्रेडचं. बसवून झालं की इग्निशन बंद, प्लग काढायचा, रॉकरकडचा बँजो अर्धा फेरा ढिला, आणि किक मारत राहायचं. आधी बुडबुडे येतात. मग हे असं, सलग तेल. तेव्हाच बँजो आवळायचा.

इंजिन चालू झालं की रॉकरची टोपी उघडून बघायचं. मिनिटभरात तेल दिसलं नाही तर लगेच बंद.

डिपस्टिक बघायची ती गाडी फिरवून आल्यावर, दोन-तीन मिनिटं थांबून. रात्रभर उभ्या बुलेटचं तेल टाकीतून खाली झिरपतं, सकाळी डिपस्टिक कमी दाखवते. त्यावर विसंबून तेल वाढवलं की जादाचं सगळं ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, बाहेर येतं, आणि दोष मात्र नव्या कूलरला लागतो.

[दृश्य: तापमापक बंदूक, पुन्हा उरवाई]

माप घेताना हीच एक जागा, हेच अंतर. चकाकत्या धातूवर बंदूक खोटं तापमान दाखवते, म्हणून पाइपवर काळ्या रंगाचा हा ठिपका. कूलरआधीचा आणि नंतरचा आकडा पडद्यावर.

[निवेदन थांबते. चढ, मूर्ती, इंजिनाचा आवाज]

500 किलोमीटरनंतर सगळे बँजो आणि क्लँप पुन्हा तपासायचे, तेल बदलायचं, आणि काढलेल्या तेलात चुंबक फिरवून बघायचा. कूलर धुताना मऊ ब्रश. प्रेशरचा पाण्याचा फवारा पात्या वाकवतो.

आणि इथली थंडी विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत धुक्यातल्या सकाळी तेल तापायलाच वेळ लागतो, कूलर तो आणखी वाढवतो. तेलातलं पाणी वाफ होऊन उडत नाही, टोपीच्या आत पांढरट लोण्यासारखा थर दिसू लागतो. तो दिसला की कूलरवर रेक्झिनचं झाकण बांधायचं. होळीला काढायचं.