आजीच्या गोष्टीतला पाह

मित्रहो, फिलिपिन्सच्या गावांत वारुळाशेजारून जाताना लोक 'ताबी-ताबी पो' म्हणतात. जरा बाजूला व्हा हं, आम्ही इथून चाललोय! हे सांगायचं वारुळातल्या म्हाताऱ्याला, नुनो सा पुन्सोला. वारूळ तुडवलं की तो कोपतो आणि तुडवणारा आजारी पडतो, अशी समजूत. घोडतोंड्या तिकबालांग वाटसरूला रानात फिरवत ठेवतो. अंगातला सदरा उलटा करून घातला की वाट सापडते. उन्हात पाऊस आला की लग्न याच तिकबालांगचं. आपल्याकडे कोल्ह्याचं असतं.

यातला प्रत्येक जीव माणसाकडून काहीतरी वागणूक मागतो. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी लिहिणाऱ्याला ही मोठीच शिदोरी आहे. नुसती चित्रविचित्र राक्षसांची जत्रा भरवली तर तीन प्रकरणांत मूल कंटाळतं. इथे मात्र त्याला काहीतरी करावं लागतं.

अमेरिकन लेखिका एरिन एन्ट्राडा केली यांची आई फिलिपिनो. त्यांच्या 'हॅलो, युनिव्हर्स' या मुलांच्या कादंबरीला 2018चं न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा सन्मान, मिळाला. ही खरं तर अद्भुतकथा नव्हे, पण मला तीच आधी सांगावीशी वाटते. अकरा वर्षांचा व्हर्जिल, अबोल, भित्रा, अमेरिकेतल्या एका रानात जुन्या विहिरीत अडकतो. खाली अंधार. आणि त्या अंधारात त्याला भेटतो पाह! हा पाह फिलिपिन्सच्या मिंदानाओ बेटावरच्या इंदारापात्रा-सुलायमान या भावांच्या कथेतला महाकाय पक्षी. सुलायमान त्याचा पंख छाटतो, तर तोच पंख अंगावर कोसळून सुलायमान मरतो. मग भाऊ इंदारापात्रा येऊन त्याला पाण्याने जिवंत करतो. एवढा प्राचीन पक्षी त्या विहिरीपर्यंत पोचला तो व्हर्जिलच्या लोलाच्या, म्हणजे आजीच्या तोंडून. भीती आजीनेच दिलेली. पण रुबी सान साल्वादोर नावाची मुलगीही आजीच्याच गोष्टीतली, आणि विहिरीत तीच त्याच्याशी बोलत राहते, धीर देते. लोककथा मुलाला काय देते, हे इतकं नेमकं मी फार थोड्या पुस्तकांत वाचलंय.

केली यांचीच 2019ची 'लालानी ऑफ द डिस्टंट सी' ही पूर्ण अद्भुत. बेट काल्पनिक, त्यावरचे जीव फिलिपिनो कथांवरून सुचलेले. आजारी आईसाठी बारा वर्षांची लालानी समुद्रात होडी लोटते. त्याआधी त्या समुद्रात गेलेले पुरुष परतलेले नाहीत. मध्येच लेखिका वाचकालाच म्हणते, समज, तू हा प्राणी आहेस. मग मुलाला त्या जिवाच्या जागी उभं राहावंच लागतं. वारुळातल्या म्हाताऱ्याला आवाज देण्यामागेही हीच जाणीव आहे: ही जागा आधी दुसऱ्या कुणाची तरी आहे.

आजी सांगते आणि नातवंडं ऐकतात, हा साचा तिथे छापील वाङ्मयातही जुना आहे. सेवेरिनो रेयेस यांनी 1925 साली 'लिवायवाय' साप्ताहिकात लोला बास्यांग या आजीच्या नावाने गोष्टी लिहायला घेतल्या, आणि त्या पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या.

घरी वाचून दाखवणार असाल, तर आधी व्हर्जिलची गोष्ट घ्या. पाह येतो ती पानं दिवसा नको, रात्रीच वाचा, आणि रुबी बोलायला लागेपर्यंत पुस्तक मिटू नका.