नाहुम स्तुचकॉफ : रेडिओवरचा यिद्दिश नाटककार

मंडळी, आज बोलायचं आहे ते नाहुम स्तुचकॉफ यांच्याबद्दल. जन्म १८९३चा, पोलंडातल्या ब्रोक या लहान गावातला, वाढले वॉर्सॉमध्ये. यिद्दिश म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोलीभाषा; तिच्या रंगभूमीवर कामं केली आणि १९२३ साली न्यूयॉर्क गाठलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून पूर्व युरोपातून येणाऱ्यांची वाट जवळजवळ बंद केली. गावाकडची ताजी भाषा घेऊन येणारी माणसं थांबली आणि अमेरिकेतली मुलं इंग्रजी शाळेत. स्तुचकॉफ यांना श्रोते मिळाले ते या अशा घरांतले.

न्यूयॉर्कला डब्ल्यूईव्हीडी नावाचं रेडिओ केंद्र होतं. समाजवाद्यांनी १९२७ मध्ये आपले नेते युजीन व्हिक्टर डेब्ज यांच्या नावाने काढलेलं. १९३२ मध्ये ते 'फोरव्हर्ट्स' या यिद्दिश दैनिकाकडे आलं. तिथे स्तुचकॉफ नभोनाट्यं लिहीत, बसवत, त्यांत कामही करत. 'बाय टाटे-मामेस टिश', म्हणजे आईवडिलांच्या जेवणाच्या टेबलाशी, ही त्यांची गाजलेली मालिका. विषय घरातलेच : जुन्या वळणाचे आईबाप, अमेरिकेत वाढलेली मुलं आणि दोघांमधली तेढ. दुसरी मालिका 'त्सोरेस बाय लायटन', लोकांच्या दुःखांची. तिच्यातून ब्रुकलिनच्या दीर्घ आजाऱ्यांच्या रुग्णालयासाठी मदत मागितली जाई.

रेडिओवर चेहरा नाही, कपडे नाहीत. शिंपी कोण, देवभोळी आजी कोण, हे बोलण्यातूनच कळायला हवं. त्यामुळे कुणाच्या तोंडी कोणता शब्द, कोणती शिवी, कोणती म्हण शोभेल याचा विचार दर आठवड्याला करावा लागे. मला वाटतं, त्यांच्या शब्दसंग्रहाची खरी शाळा हीच. वर्षानुवर्षं ते शब्द जमवत राहिले, अर्थांप्रमाणे लावत राहिले.

आणि त्याच काळात, दुसऱ्या महायुद्धात, तिकडे युरोपात नाझींकडून ते शब्द बोलणारी लाखो ज्यू माणसं मारली जात होती. हे लक्षात घेतलं की त्या कामाचं मोल कळतं. १९५० मध्ये यिद्दिशचा अभ्यास करणाऱ्या यिवो संस्थेने भाषाशास्त्रज्ञ माक्स वाइनराइख यांच्या संपादनाखाली 'देर ओयत्सर फुन देर यिद्दिशर श्प्राख', म्हणजे यिद्दिश भाषेचा खजिना, हा स्तुचकॉफ यांचा अर्थांप्रमाणे लावलेला शब्दकोश छापला. जवळपास हजार पानं, सुमारे दीड लाख शब्द आणि वाक्प्रचार. पंडिती भाषेबरोबर बाजारातली, चोरांची, बायकांच्या शिव्याशापांची भाषाही त्यात आहे. असा ग्रंथ एका रेडिओवाल्याने करावा याचा मला मनापासून आदर वाटतो.

रेडिओचं काम त्यांनी नंतरही सोडलं नाही. 'मामे-लोशन', म्हणजे मातृभाषा, या कार्यक्रमात ते श्रोत्यांशी भाषेबद्दल बोलत. १९६५ मध्ये ते गेले.

प्रक्षेपणं ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर मुद्रित होत, आणि त्यांतल्या कितीतरी नष्ट झाल्या. १९८५ मध्ये संगीतकार-संशोधक हेन्री सापोझ्निक यांच्या हाती अशा तबकड्यांचा एक ढीग लागला. त्यातून पुढे २००२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय सार्वजनिक रेडिओवर एक मालिका झाली आणि स्तुचकॉफ यांची पात्रं यिद्दिश न कळणाऱ्या घरांतही ऐकू गेली.