घरच्या कॅसेटवर गाणी का चढवता?

नमस्कार मंडळी! दर व्हिडिओखाली तोच प्रश्न येतोय: ‘घरात जुन्या व्हिडिओ कॅसेट आहेत, त्यातून स्वतःवर डॉक्युमेंटरी कशी करू?’

कॅसेट आधी डिजिटल करून घ्या. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये घालू नका, टेप वाचणाऱ्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. आपल्या पावसाळ्यात बुरशी धरतेच. मूळ फाइलची कॉपी वेगळ्या डिस्कवर ठेवा. झालं.

आता मला बोलायचंय ते आवाजाबद्दल. तुम्ही पाठवलेलं सगळं मी बघते. बारसं, मुंज, गणपती, आणि वर बासरी. खालचा आवाज बंद! अहो, का?

माझ्या बारशाची कॅसेट आहे. चित्रात पाळणा, नटलेल्या बायका, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’. कॅमेऱ्यामागून आजोबा आत्याला दटावतायत, ‘आम्ही ठरवलंय तेच नाव सांग हं कानात.’ आई खाली बघते. नुसतं चित्र बघाल तर आनंदसोहळा. माझी फिल्म त्या एका वाक्यापासून सुरू होते.

जोनाथन काउएटची स्वतःवरचीच डॉक्युमेंटरी ‘टार्नेशन’, २००३. सुपर ८ म्हणजे घरगुती कॅमेऱ्याची छोटी फिल्म, व्हीएचएस म्हणजे व्हिडिओ कॅसेट, सगळं घरचंच, एडिटिंग ॲपलच्या साध्या आयमूव्ही सॉफ्टवेअरवर, खर्च सुमारे २१८ डॉलर. त्यात आन्सरिंग मशीनवरचे निरोपसुद्धा आहेत. घरच्यांचे आवाज त्याने जपून ठेवले होते म्हणून ते फिल्ममध्ये आले.

एका ताईंनी लिहिलंय, ‘मागे कुकर वाजतो, फार खरखर आहे.’ राहू दे कुकर! विजेची घरघर पन्नास हर्ट्झला असते, तेवढी फिल्टरने कमी करा. जास्त घासलंत तर माणसांचे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे होतात.

आणि सुपर ८ची रिळं बहुतेक मुकीच असतात. पन्नास फुटांचं रीळ, सेकंदाला अठरा फ्रेमने सव्वातीन मिनिटांच्या आसपास चालतं. तिथेही गाणं नको. आत्याला, काकांना समोर बसवा, आधी माइक चालू करा, मगच रीळ दाखवा. ‘अगं, ही तर वाड्यातली विहीर!’ हे पहिल्यांदा बघतानाच निघतं. ‘परत एकदा म्हणा ना’ म्हटलंत की गेलं.

हयात माणसांना विचारल्याशिवाय काही अपलोड करू नका, घरातली भांडणं तर नाहीच.

आज एकच कॅसेट घ्या. स्क्रीन झाका, हेडफोन लावा, आणि कोण काय बोलतंय ते वेळेसकट वहीत उतरवा. एडिटिंगला त्यानंतर बसा.