बुटातला संगणक

श्रोतेहो, नमस्कार.

सत्तरचं दशक सरत आलंय. अमेरिकेतल्या नेवाडातल्या कॅसिनोत रुलेटच्या, म्हणजे फिरत्या चाकावर चेंडू कुठे पडेल यावर पैसे लावायच्या खेळाच्या, टेबलाशी एक तरुण उभा आहे. चेहरा कोरा, पण पायाचा अंगठा बुटात सारखा कळ दाबतोय. कारण बुटात संगणक आहे!

हा डॉइन फार्मर, कॅलिफोर्नियात भौतिकशास्त्रात संशोधन करणारा विद्यार्थी. सोबत बालमित्र नॉर्मन पॅकार्ड आणि आणखी काही मित्र. रुलेटमध्ये चेंडू सुटल्यावरही थोडा वेळ पैसे लावता येतात. सगळी गंमत त्या काही सेकंदांत. चेंडू एका खुणेवरून गेला की कळ दाबायची. त्यावरून संगणक वेग काढायचा आणि चाकाच्या आठ भागांपैकी चेंडू कुठे पडेल, ते सांगायचा. अंदाज बरे येत, दगा द्यायच्या त्या तारा आणि जोडण्या. १९८५मध्ये नेवाडाने अशा उपकरणांवर कायद्यानेच बंदी घातली.

तोवर फार्मर लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत गेला होता. टपकणाऱ्या नळाच्या थेंबांची लय वरवर बेशिस्त वाटते, पण दोन थेंबांमधल्या वेळा मोजत गेलं तर आत दडलेला नियम हाती लागू शकतो, अशा तऱ्हेचं त्याचं आणि त्याच्या मित्रांचं काम. मग शेअरबाजाराचे आकडे का नकोत? १९९१मध्ये नोकरी सोडून त्याने पॅकार्ड आणि जिम मॅकगिल यांच्याबरोबर सांता फेमध्ये ‘प्रेडिक्शन कंपनी’ काढली. पैसा एका स्विस बँकेकडून आला, आणि खरेदी-विक्री संगणकच करू लागला.

इथे मला खरा पेच दिसतो. आपण अंदाज बांधतोय, हे रुलेटच्या चेंडूला कळत नाही. बाजाराचं तसं नाही. तुम्ही खरेदीला उतरलात की भाव हलतो, दुसऱ्यांना तीच वाट सापडते आणि नफा आटतो. फार्मरला बाजार यंत्रासारखा कमी आणि जंगलासारखा जास्त दिसू लागला: एकाचं भक्ष्य संपलं की दुसऱ्याची उपासमार. नफा कमावण्यापेक्षा हे जंगल समजून घेण्यात त्याला अधिक रस होता. १९९९मध्ये, धंदा चालू असताना, तो कंपनी सोडून सांता फे इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत गेला. कंपनी पुढे यूबीएस या बँकेने घेतली.

२०१२पासून तो ऑक्सफर्डमध्ये आहे. २०२०च्या टाळेबंदीत त्याच्या गटाने ब्रिटनचं उत्पन्न दुसऱ्या तिमाहीत २०१९च्या शेवटच्या तिमाहीपेक्षा साडेएकवीस टक्क्यांनी कमी असेल, असं आधीच सांगितलं होतं. सरकारी आकडा आला २२.१ टक्के. हा अंदाज मात्र त्यांनी कुणाला विकला नव्हता, सगळ्यांसाठी छापून टाकला होता.