जिंकण्याआधीचा संघ

मित्रहो, थोड्याच वेळात आपण 'हेडिंग होम' हा 2018 सालचा माहितीपट पाहणार आहोत. 2017 च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये, म्हणजे राष्ट्रीय संघांच्या जागतिक स्पर्धेत, इस्रायलच्या संघाने जी मजल मारली, तिची ही कथा आहे. निकाल तुम्हांपैकी अनेकांना ठाऊक आहेत, म्हणून ते भरभर सांगून टाकतो. जागतिक क्रमवारीत 41 व्या स्थानावर असलेल्या या संघाने सोलमध्ये यजमान दक्षिण कोरियाला जादा, दहाव्या डावात 2-1 असे हरवले, मग चायनीज तैपेईला, म्हणजे तैवानच्या संघाला, 15-7 आणि नेदरलँड्सला 4-2 असे नमवले, टोक्योत क्युबावर 4-1 अशी मात केली आणि त्यानंतर नेदरलँड्स व जपान यांच्याकडून हरून तो स्पर्धेबाहेर पडला. आज मला मांडायचे आहे ते असे, की दुबळ्या संघावरचा माहितीपट त्याच्या विजयावर उभा करू नये. तो संघ जमला कसा आणि त्यातल्या माणसांचे पोट कशावर चालते, यावर तो उभा करावा.

याचे कारण या खेळातच आहे. अमेरिकेतील मेजर लीग या व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत प्रत्येक संघ एका हंगामात 162 सामने खेळतो आणि त्यांतले उत्तमोत्तम संघही बहुधा साठेक सामने हरतात. एखाद्या संध्याकाळी पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, हात जमून आला की कागदावर कितीही बलाढ्य दिसणारा संघ गप्प बसतो. कोरियाविरुद्धची विजयी धाव आली ती स्कॉट बर्चमच्या, इनफिल्डच्या, म्हणजे मैदानाच्या आतल्या भागाच्या, बाहेरही न गेलेल्या फटक्यावर. चेंडू हातभर इकडेतिकडे गेला असता तर कदाचित हा माहितीपट निघालाच नसता, पण खेळाडू तेच राहिले असते आणि त्यांचे कष्टही तेवढेच असते.

माझे म्हणणे पटवण्यासाठी मी नेहमी एका हरलेल्या सामन्याचा दाखला देतो, आणि आजही तो जरा सविस्तर सांगणार आहे. 11 मार्च 2023 रोजी टोक्यो डोममध्ये जपानसमोर झेक प्रजासत्ताकाचा संघ उभा होता. संघाचे व्यवस्थापक पावेल खादिम हे मज्जाविकारतज्ज्ञ, खेळाडू मार्टिन श्नायडर अग्निशामक दलात नोकरीला, आणि त्या दिवशी चेंडू टाकणारा ओंद्रेय सातोरिया हा वीजतंत्रज्ञ. त्याचा वेगवान म्हणावा असा चेंडूही ताशी 130 किलोमीटरच्या आतलाच, तर जपानच्या बाजूने रोकी सासाकी ताशी 160 किलोमीटरच्या वर चेंडू टाकत होता. तिसऱ्या डावात जपानचा शोहेई ओहतानी बॅट घेऊन उभा राहिला. सातोरियाने त्याच्यासाठी राखून ठेवलेला चेंजअप नावाचा फसवा चेंडू काढला. हात फास्टबॉलच्या, म्हणजे वेगवान चेंडूच्याच झपाट्याने खाली येतो, पण चेंडू हातातून सुटतो तो धिमा, आणि बॅटरजवळ येताच खाली बसतो. ओहतानीची बॅट चेंडूच्या आधीच फिरून गेली आणि जगातला सर्वांत गाजलेला बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाला. त्याच डावात जपानने आघाडी घेतली आणि सामना 10-2 असा जिंकला.

याच सामन्यात सासाकीचा ताशी 162 किलोमीटरचा चेंडू झेक बॅटर विली एस्कालाच्या पायावर आदळला. तो कळवळून खाली पडला, मग उठला आणि आपण ठीक आहोत हे दाखवण्यासाठी मैदानाच्या कडेच्या फाउल लाइनवरून धावला, तेव्हा सारे स्टेडियम टाळ्या वाजवत होते. पुढे सासाकी मिठाईच्या पिशव्या घेऊन झेक संघाच्या हॉटेलवर गेला, आणि उपान्त्य फेरीसाठी मायामीत उतरलेल्या ओहतानीच्या डोक्यावर झेक संघाची टोपी होती. धावफलकावर यातले काहीही उमटत नाही. सातोरियाचा तो एक चेंडू मी कितीतरी जणांना दाखवला आहे, आणि दर वेळी मला वाईट वाटते ते एकाच गोष्टीचे: तो किती वेगाने आला हे सगळे विचारतात, नोकरी सांभाळून या माणसाने तो घोटला केव्हा, हे कोणीच विचारत नाही. माझ्या मते माहितीपटाने नेमके तेच विचारायला हवे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी हाती आली आहे, तेव्हा इस्रायलच्या संघाविषयी जे सांगायचे ठरवले होते ते थोडक्यात सांगतो. या संघातले बहुतेक खेळाडू अमेरिकेत जन्मले आणि वाढले. क्लासिकच्या नियमांनुसार एखाद्या देशाचे नागरिकत्व मिळण्यास पात्र असणे पुरेसे असते, आणि इस्रायलच्या परतीच्या कायद्यानुसार आजी-आजोबांपैकी एक जण ज्यू असला तरी ती पात्रता लाभते. या नियमामुळे काही जण संघाला उसना म्हणतात. मला ते पटत नाही. मात्र या आक्षेपाला कोरियावरचा विजय हे उत्तर होऊ शकत नाही. उत्तर आधीच्या जानेवारीत आहे, जेव्हा यांपैकी काही खेळाडू इस्रायलला गेले आणि त्यांतल्या अनेकांनी तो देश प्रथमच पाहिला. ते पुढच्या वर्षांतही आहे, कारण ऑलिंपिकमध्ये नुसती पात्रता चालत नाही, नागरिकत्व प्रत्यक्ष घ्यावे लागते. ऑलिंपिक संघातल्या अमेरिकन खेळाडूंनी ते घेतले, 2019 मध्ये इटलीतली पात्रता स्पर्धा जिंकली, आणि 2021 मध्ये झालेल्या टोक्यो ऑलिंपिकमध्ये मेक्सिकोला 12-5 असे हरवून इस्रायल पाचवा आला. ऑलिंपिकचा हा सारा भाग माहितीपट पूर्ण झाल्यानंतरचा आहे.

म्हणून आज पाहताना शेवटच्या धावेपेक्षा राष्ट्रगीताच्या प्रसंगाकडे लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. सूर सुरू होताच खेळाडू डोक्यावरच्या टोप्या काढतात आणि किप्पा, म्हणजे ज्यूंची छोटी गोल टोपी, घालतात. त्या वेळी त्यांचे चेहरे एकेक करून नीट पाहा. आता दिवे मालवायला हरकत नाही.